क्लेमची हिरवी बादली

प्रिय अर्व्हिड,

तीन दिवसांत तुला चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा तुझं "कोण?" ऐकून ठेवून दिला. तू कुणा विमेवाल्याला शिव्या घातल्या असशील. ती मीच होते. म्हणून हे कागदावर. शनिवारी सकाळी तू बाजारात गेलास की तुझ्या पायरीवर ठेवून जाईन. रविवारी तुझा जुना दोस्त क्लेम घर विकून मुलीकडे ओरेगनला चाललाय, कायमचा. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायलाच हवी. थांब, भट्टीत पाव ठेवलाय, बघून येते.

आले. पाव करपला. जाऊ दे.

काल तळ्यावर गेले होते. काठच्या उथळ पाण्यात ब्लूगिल माशांच्या नरांनी शेपटीने वाळू झाडून बशीएवढी घरटी केलीत, एकेकावर एकेक राखणदार. पण केवढेसे रे ते! बोटभर. आपल्या लहानपणी पंजात मावत नसत. बाबा म्हणायचे, जूनमध्ये घरट्यावरचा नर गळाला लागला की हळूच सोडवायचा आणि पाण्यात परत. तो भुकेने चावत नाही, रागाने चावतो. तो गेला की घटकाभरात बाकीचे मासे त्याची अंडी फस्त करतात. बाबांनंतर हा नियम तू डोळ्यांत तेल घालून पाळलास. तूही तसाच आहेस म्हणा, भूक नसताना चावणारा. चिडू नकोस, खरं तेच सांगतेय.

अकरा वर्षांपूर्वीचा जून आठवतोय ना? तू न्यूमोनियाने इस्पितळात होतास. परत आलास तर घरटी ओस, आणि धक्क्यावर खवल्यांनी माखलेली हिरवी बादली, तिच्यावर पांढऱ्या रंगात क्लेमचं नाव. चारचौघांत तू त्याच्यावर ओरडलास, "चोरा! मी अंथरुणावर पडलो तर तळं धुऊन नेलंस? पुन्हा माझ्या होडीत पाय ठेवलास तर याद राख!" क्लेमने सगळं ऐकून घेतलं. टोपी नीट केली आणि गेला. चाळीस वर्षं तू वल्ही मारलीस आणि तो पुढे बसून गळ फेकत राहिला. तेव्हापासून तुम्ही समोरासमोरच्या काठांवर एकेकटे बसता.

दोन फेऱ्या मारून आले अंगणात. आता लिहितेच.

ते मासे मी नेले, अर्व्हिड. चर्चच्या शुक्रवारच्या जेवणाला मासे कमी पडत होते. त्या मिल्ड्रेडने सगळ्या बायकांसमोर टोमणा मारला, "तुमच्या घरी गळाला नुसती पिसं बांधतात वाटतं, मासा काही दिसत नाही!" मला झोंबलं. पहाटे तुझ्या डबीतल्या, गळाला लावायच्या काळ्या पिसांच्या खोट्या माश्या घेतल्या, क्लेमकडून बादली मागून आणली. दर फेकीला एक नर. एक्केचाळीस. थांबावंसं वाटतच नव्हतं, त्याचीच जास्त लाज वाटते. मासे बर्फाच्या पेटीत भरले, बादली तिथेच विसरले. कुणी विचारलं तर दुसऱ्याच तळ्याचं नाव सांगितलं. तू क्लेमला बोलत होतास तेव्हा मी गाडीत बसले होते, काच खाली होती. नुसतं दार उघडून उतरायचं होतं. नाही उतरले. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली.

काल त्याचं सामान बांधायला गेले, तर त्याने तीच बादली माझ्या हातात दिली. "थिया, ही तुला ठेव. अर्व्हिडला काही सांगत बसू नकोस." अरे, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मागायला मीच तर गेले होते. मी रडत विचारलं, मग बोलला का नाहीस, मेल्या? तर म्हणतो, "तुला भाऊ एकच. मला काय, आणखी मित्र मिळतील असं वाटलं होतं." नाही मिळाले त्याला. तुलाही नाही मिळाले. माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, मी सोसेन. पण हे पत्र ज्या बादलीत सापडलं ती उचल, होडीत ठेव आणि आज दिवस मावळायच्या आत पलीकडे जा. होडीची पुढची फळी मी सकाळीच पुसून ठेवली आहे.

तुझीच अपराधी बहीण,
थिया