दोन डी. ओ.

३ मार्च १९८४
बेसमेंटच्या दाराबाहेर पाटी लावली. चंद्रशेखर उपासनी, डी. ओ., लंडन. अख्ख्या ईडन प्रेरीत हाडं-सांधे हातांनी बसवणारा ऑस्टिओपॅथ मी एकटाच. लंडनला ड्राफ्ट्समन असताना संध्याकाळचे क्लास करून मिळवलेला डिप्लोमा इन ऑस्टिओपॅथी आता कामी येणार. कंपनीने ले-ऑफ केलं ते एका अर्थी बरंच झालं.
सुहासिनीने लायसन्सचं विचारलं. सांगितलं, लंडनमध्ये कुणालाच लागत नाही. म्हणाली, ही अमेरिका आहे, लंडन नाही. ती बँकेत प्रोग्रॅमर आहे. तिला सगळीकडे एररच दिसतात.

११ मार्च
इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी राजीव आला. कंबर. दोनदा छान कट्‌ वाजली. खूप फरक पडला म्हणाला. उठताना भिंत धरली, पण तेवढं चालायचंच. काल मंडळातल्याच प्रतिमाताईंची मान केली. प्रॅक्टिस जोरात.
निश्चय: नोकरीच्या जाहिराती बघणं बंद.

२ एप्रिल
घात! शॉपिंग सेंटरमध्ये नवीन क्लिनिक. डॉ. कॅरन लिंडक्विस्ट, डी. ओ. माझीच अक्षरं. माझी पाटी लागून महिना होतोय, तेवढ्यात ही बाई उगवते. हा योगायोग असू शकत नाही. पाटी बघून गेली असणार. समोरच्या घरासमोर हल्ली एक निळी गाडी उभी असते, ती कुणाची?

५ एप्रिल, दुपार
पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून पाळत ठेवली. एक म्हातारी प्रिस्क्रिप्शन घेऊन बाहेर आली. मग दंडावर बँडेड लावलेलं रडकं पोर. म्हणजे इंजेक्शनसुद्धा! ऑस्टिओपॅथ फक्त हातांनी बरं करतो, औषध देत नाही, हे आमच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. बाई बोगस आहे.
रात्री दीपाला सांगितलं. पंधरा वर्षांची आहे, पण बापाला शिकवते. म्हणे, "डॅड, शी इज अ रिअल डॉक्टर. शी डिलिव्हर्स बेबीज."
बाळंतपणंही! पुरावा वाढतोय.

९ एप्रिल
आज तिथून राजीव बाहेर पडला. कंबरेवर हात. मी हॉर्न दिला तर भलतीकडे बघत गाडीत बसला. त्याला फोडलाय. मंडळात आता कुणावर विश्वास ठेवायचा?

१० एप्रिल
स्टेटच्या मेडिकल बोर्डाला फोन करून रीतसर तक्रार केली. सुहासिनी नको म्हणत होती. माझं नाव, पत्ता, पदवी, क्लिनिक कुठे, सगळं खणखणीत सांगितलं. पलीकडच्या बाईने पदवी दोनदा विचारून घेतली. वजन पडलं असणार. माणूस पाठवते म्हणाली.

२४ एप्रिल
माणूस आला. माझ्याकडेच.
चहा घेतला नाही. लिंडक्विस्टबाईची चौकशी झालीय म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे. इथले डी. ओ. पूर्ण मेडिकल कॉलेज करतात, हॉस्पिटलात राबतात, एम.डी.सारखंच लायसन्स घेतात. औषधं, ऑपरेशन, सगळं करू शकतात. माझा डिप्लोमा बघून म्हणाला, लंडनचा डी. ओ. वेगळा. इथे लायसन्सशिवाय ती अक्षरं लावणं गुन्हा आहे. पाटी आज उतरवलीत तर ताकीद देऊन सोडतो.
मी विचारलं, माझं नाव कुणी सांगितलं? राजीवने?
"तुम्हीच फोन केला होता, सर."
स्क्रू सुहासिनीने काढले. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत म्हणाली, "पाटीचं मला काही नव्हतं हो. तुम्ही सकाळी उठून दाढी करायला लागलात, म्हणून गप्प बसले."

२७ एप्रिल, संध्याकाळ
लिंडक्विस्टबाईचा फोन. भांडायला असणार म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. तिने तक्रारीचा विषयच काढला नाही. राजीवची परवानगी घेऊन फोन करतेय म्हणाली. त्याच्या कंबरेला मी नेमकं काय केलं, कुठे दाबलं, कुठल्या बाजूला वळवलं? सांगितलं. शांतपणे ऐकलं. आवाजात कुठे टोमणा सापडतो का बघत होतो, सापडला नाही.
मग म्हणाली, आणखी कुणाकुणाला ट्रीट केलंय, त्यांना माझ्याकडे पाठवा, एकदा तपासून घेते. प्रतिमाताईंचं नाव दिलं. ती पुढच्या नावासाठी थांबली. शेवटी सांगून टाकलं, एवढेच.
फोन ठेवल्यावर दीपाने विचारलं, कुणाचा होता.
म्हटलं, डॉक्टरांचा.