पाच वर्षं एका दुपारी

५ जानेवारी २०२६, सोमवार
संस्थेचे अध्यक्ष गुणवंतशेठ आज केबिनमध्ये येऊन गेले. फेब्रुवारीत नॅकची समिती येतेय, कॉलेजला 'ए' ग्रेड आणा, मग ३१ मार्चला रिटायर व्हायची गरज नाही, दोन वर्षं एक्स्टेन्शन आमच्याकडून, म्हणाले. मागच्या वेळी 'बी' मिळाली होती. तेव्हा मी फक्त उपप्राचार्य होतो. उपप्राचार्याला कोण विचारतो?
संकल्प: क्वालिटी वरून खाली झिरपते. वर मी आहे. झिरपेल.

७ जानेवारी
बर्नडेट मॅडम फायली घेऊन आल्या. अकाउंटन्सी शिकवतात, उत्तनहून दोन बस बदलून येतात, आणि आमच्या क्वालिटी सेलच्या प्रमुख आहेत. म्हणाल्या, सर, पाच वर्षांत सेलच्या वीस मीटिंगा व्हायला हव्या होत्या, झाल्या चार, आणि त्यातल्या तीनला तुम्ही नव्हता. मी म्हणालो, लीडर प्रत्येक मीटिंगला बसत नसतो, त्याची व्हिजन बसते. उरलेल्या सोळांची मिनिट्स तयार करा.
न झालेल्या मीटिंगची मिनिट्स मला लिहिता येत नाहीत, म्हणाल्या.
वीस वर्षं सर्व्हिस होऊनही काही लोकांना कल्पनाशक्ती म्हणून नसते. शेवटी मीच बसलो. एका दिवसात सोळा. सुरेख झालीत. नऊ ठिकाणी प्राचार्यांच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

१३ जानेवारी
खोली नंबर १२ ताब्यात घेतली. तिथे दर शनिवारी दुपारी मॅडम नापास मुलांचा जादा क्लास घेतात. चार वर्षं चाललंय म्हणे. बॅनर नाही, उद्घाटन नाही, एक फोटो नाही. फोटो नाही म्हणजे क्लास झालाच नाही, इतकं साधं आहे. आता तिथे क्वालिटी कॉर्नर होईल. सोफा, कुंड्या, भिंतीवर माझा फोटो आणि व्हिजन.
मॅडम म्हणाल्या, मार्चमध्ये परीक्षा आहे, ही मुलं आठवडाभर दुकानांत कामाला जातात, त्यांना शनिवारच मिळतो. मी म्हणालो, मोठं चित्र बघा. 

२२ जानेवारी, गुरुवार
ऐतिहासिक दिवस. पाच वर्षांचे सगळे कार्यक्रम एका दुपारी उरकले. शांती नगरातून अठरा बॅनर छापून आणले होते. योगदिन २०२१, वृक्षारोपण २०२२, महिला दिन २०२३. मुलं तीच, फक्त शर्ट बदलायचे. आमचा शिपाई धर्माजी याने एकच रोप चार वेळा लावलं. चौथ्या वेळी म्हणाला, साहेब, मी मेलो तरी चालेल, ह्या रोपाला तरी सोडा. मी हसलो. स्टाफशी हसून राहावं.
समितीला फोटोवर जागेचा ठसा लागतो, म्हणून खास ॲप घेतलंय. फोटोखाली पत्ता आपोआप येतो. बर्नडेट मॅडम दारातूनच म्हणाल्या, सर, ॲप खाली अजून काय छापतंय ते एकदा बघा. असली माणसं टीमला खाली खेचतात. त्यांना प्रमुखपदावरून मोकळं केलं. चार्ज माझ्याकडे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
समिती येऊन गेली. एकंदरीत उत्तम. ढोकळा सगळ्यांना आवडला.
किरकोळ अडचण एकच. समितीच्या बाई फोटो बघत होत्या. म्हणाल्या, २०२१ च्या योगदिनाखाली २२ जानेवारी २०२६ कशी? वेळ दुपारी दोन चौदा. २०२२ चं वृक्षारोपण दोन एकतीसला. मी सर्व्हरचा प्रॉब्लेम सांगितला. त्यांनी वहीत बरंच काहीतरी लिहिलं. कौतुकच असणार.
मग मला बाहेर पाठवून समितीने मुलांना विचारलं, कॉलेजात सगळ्यात चांगलं काय? माझी व्हिजन पाठ करून घेतली होती. पण नंतर कळलं, दुसऱ्या वर्षाची सान्वी म्हणून एक मुलगी उभी राहिली. चपलांच्या दुकानात काम करते. म्हणाली, बर्नडेट मॅडमचा शनिवारचा क्लास, पण तो बंद केलाय. कुठे भरायचा, बाईंनी विचारलं. सगळे १२ नंबरला गेले. तिथे सोफा, आणि सोफ्यावर मी, काजूची प्लेट घेऊन.
आपलेच दात, आपलेच ओठ. मुलीला कोणी पढवलं ते मला ठाऊक आहे.

९ मार्च
'सी'.
रिपोर्टमध्ये नेतृत्वाच्या मथळ्याखाली चार ओळी आहेत. त्या इथे उतरवत नाही. चांगल्या उपक्रमांत एकच नाव आहे, शनिवारचा क्लास. चोर सोडून संन्याशाला फाशी. अपील करणार, मुद्दे डोक्यात तयार आहेत. गुणवंतशेठ फोन उचलत नाहीत. मीटिंगमध्ये असतील.
घरी बायकोला सांगितलं. अनसूया म्हणाली, त्या तीन मीटिंगांना जाऊन बसला असता तर? मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

३१ मार्च, मंगळवार
निरोप समारंभ, दुपारी तीनला, स्टाफरूममध्ये. नऊ माणसं. गुणवंतशेठांनी हार पाठवला. उद्यापासून प्रभारी प्राचार्य बर्नडेट मॅडम.
मुलं का नाहीत, मी विचारलं. सर, ती १२ नंबरला आहेत, मॅडम म्हणाल्या. सान्वी अकाउंट्समध्ये नापास झाली. बुडालेले शनिवार आता रोज दुपारी भरून काढतोय. सोफा जिन्याखाली दिसला. माझा फोटो त्यावर उलटा ठेवला होता.
मॅडम दोन मिनिटं बोलल्या. वाईट काही बोलल्या नाहीत. चांगलंही नाही.
धर्माजीने त्याच ॲपवर फोटो काढला. बॅनर नव्हता. मी तो फोटो मागून घेतला. हार गळ्यात, बाजूला रिकाम्या खुर्च्या, खाली भाईंदर पूर्वेचा पत्ता, ३१ मार्च २०२६, दुपारी तीन बावीस.
तारीख बरोबर आहे.