जप्त केलेल्या साखरेच्या पुड्यांबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बाल रुग्णालय.

विषय : मधुमेही मुलांच्या वर्गातील सिस्टरबाई माझ्या मुलीस चोरून साखर पुरवीत असल्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझी तोंडी तक्रार, जी आपल्या शिपायाने हसत हसत ऐकली.

महोदय,

१. मी कुलुपे दुरुस्त करणारा कारागीर आहे. माझ्या मुलीस टाइप वन मधुमेह आहे. तिचे शरीर इन्सुलिन तयार करीत नसल्याने ते रोज सुईने द्यावे लागते. घरच्यांनी हे सारे स्वतः सांभाळावे म्हणून सिस्टरबाई दर शनिवारी वर्ग घेतात. पत्नी व मुलगी जातात. धंद्यामुळे मला जमत नाही. मात्र दुकानात बसूनही मला पुष्कळ दिसते.

२. सदर वर्गात संत्र्यांवर सुई टोचण्याचा सराव देतात. ती संत्री नंतर कुठे जातात, हे कोणी सांगत नाही. मुलांना वेगळे बसवून दार लावून घेतात आणि मुले हसत बाहेर येतात. सुया टोचून घेणारी मुले हसतात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे. मुलगी आता बोटातून रक्त काढून साखर स्वतः तपासते, आकडा आईला दाखवते आणि मी डोकावलो की म्हणते, "बाबा, माझं मी बघते." ही भाषा तिला कोणीतरी पढवलेली आहे.

३. साखर हाती लागू नये म्हणून मी स्वयंपाकघरातील कपाटाला स्वतःच्या हातचे कुलूप बसविले. तरीही काल झडती घेतली असता मुलीच्या कंपासपेटीत, बुटात व उशीच्या अभ्र्यात साखरेच्या पुड्या सापडल्या. विचारल्यावर उत्तर आले, "सिस्टरनी जवळ ठेवायला सांगितल्यात." म्हणजे कुंपणच शेत खाते आहे. सर्व पुड्या जप्त करून पुरावा म्हणून या अर्जास टाचल्या आहेत.

४. यावर कळस म्हणजे मुलांकडून एक वाक्य घोकून घेतले जाते : "आधी साखर, मग प्रश्न." मुलांनी बापाला उत्तर देऊ नये, एवढाच याचा हेतू दिसतो. सबब सिस्टरबाईंची चौकशी व्हावी, मुलांच्या कंपासपेट्या फाटकावर तपासाव्यात व संत्र्यांचा खुलासा मिळावा.

५. इथपर्यंत लिहून झाले असता मुलगी शाळेतून आली. तिला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते आणि साध्या प्रश्नाला ती भलतेच उत्तर देत होती. सोंग आहे असे समजून मी पुड्यांबाबत तिची उलटतपासणी सुरू केली. पत्नी धावत आली. "अहो, साखर उतरलीय तिची! कपाट उघडा आधी!" इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर अशी एकाएकी उतरू शकते, आणि तेव्हा लगेच साखरच द्यावी लागते, नाहीतर शुद्ध हरपते, हे मला ठाऊक नव्हते. आज शाळेत खेळाचा तास होता, खेळाने साखर आणखी उतरते, आणि कंपासपेटीतली पुडी तर मीच काढून घेतली होती. लोकांची कुलुपे मी डोळे मिटून उघडतो. पण माझ्या जुडग्यात मला माझीच किल्ली सापडेना.

६. तेव्हा मुलीनेच टेबलाशी येऊन या अर्जाच्या दोन-तीन पुड्या ओरबाडल्या आणि तोंडात रिकाम्या केल्या. थोड्या वेळाने बोट टोचून आकडा पाहिला, आईला दाखवला आणि मलाही दाखवला. मग म्हणाली, "बाबा, आता विचारा काय विचारायचंय ते." मी उरलेल्या पुड्यांच्या टाचण्या काढू लागलो.

७. लिहिलेले खोडण्याची माझी पद्धत नाही. संत्र्यांबाबतचा संशय कायम आहे. बाकी मागण्या मागे घेतो. उद्याच्या वर्गात मला एक खुर्ची मिळावी, दाराजवळची असल्यास बरे.

आपला, अजून थोडा साशंक,
मुलीचा बाप (कुलूपवाला)

दिनांक : आजचाच, शुक्रवार

सोबत :
१. साखरेच्या पुड्या : जोडलेल्या नाहीत. उरलेल्या कंपासपेटीत, बुटात व उशीत जागच्या जागी परत ठेवल्या आहेत. कागदावर टाचणीची भोके तेवढी दिसतील.
२. कपाटाचे कुलूप, किल्लीसह.