पांढरी टेप

हैदराबाद

बाबाले दीप्तीचा जयभीम,

मी बरी आहो. मेसमध्ये भात भेटते, पण त्याले केशोरीच्या तांदळाचा वास नाही.

तुमी पाठवलेलं विहिरीचं पाणी लॅबमध्ये पोचलं. थेंबही सांडला नव्हता. झाकणावर नळाच्या जोडावर लावतात ती पांढरी टेप गुंडाळली होती ना तुमी? तीस वर्षं नळ बसवणाऱ्या माणसाची सवय! मले हसू आलं. पण मॅडमनी बाटली बाजूले ठेवली.

बाबा, विहिरीजवळच्या राईस मिलची आग विझवताना जो फेस फवारला, त्यातलं न सरणारं रसायन आपण शोधून राहिलो. ही टेपही त्याच जातीच्या रसायनाची बनते. आता काही निघालं तर ते विहिरीचं की टेपचं, कसं सांगू?

तपासायच्या रीती दोन. एकीत चाळीसेक रसायनं नावानिशी शोधतात, शाळेतल्या हजेरीसारखी. दुसरीत सगळ्यांची बेरीज निघते, पंगतीतल्या पत्रावळी मोजल्यासारखी. फेसात कोणकोण होतं ते आपल्याले ठाऊक नाही, म्हणून मी दोन्ही मागितल्या.

आईच्या गळ्याची गाठ कशी आहे? सहजच विचारून राहिली. तपासणीचा निकाल येईतोवर प्यायले गावच्या टाकीचंच पाणी आणा.

नवी बाटली पाठवली आहे. टेप लावू नका. वाटेत थोडं सांडलं तरी चालते. तुमच्या हातचा जोड आजवर गळला नाही, माहीत आहे मले. एकदा गळू द्या, बाबा.

तुमची लेक,
दीप्ती