उसन्या दुःखांचा तास

॥ श्री ॥

आदरणीय वन्सं यांच्या पायांवर भावजयीचं डोकं.

तुम्ही पाठवलेलं पार्सल परवा हाती आलं. आत निघालं ते असं: लोकरीची शाल एक, गुडघ्यांना चोळायच्या तेलाची बाटली एक (बूच सैल होतं, त्यामुळे शालीचे गुडघे आता जन्मात दुखणार नाहीत), आईंचा चौकटीतला फोटो एक, आणि वर्तमानपत्राचे बोळे पुष्कळ. ते मी इस्त्री करून कपाटात अंथरले. वजन जास्त भरलं म्हणून पोस्टमनने वरचे बावीस मागितले. मी म्हटलं, सुटे वीसच आहेत. तो म्हणाला, थांबतो. मग दोन सापडले.

तुमची पाठ आता कशी आहे? तुमच्याकडच्यांचा खोकला थांबला का? आमच्याकडे तुमचे बंधू अगदी ठीक आहेत. हे वाक्य मुद्दाम दोनदा गिरवलं आहे. ते दारू पीत नाहीत, भांडी फेकत नाहीत आणि माझ्या अंगावर धावून येत नाहीत. याहून वेगळं काही तुमच्या कानावर आलं, तर ते मीच सांगितलेलं आहे. पण त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. कसं ते सविस्तर लिहिते. (फोनवर सांगणार होते, पण तुम्हाला फोनवर कमी ऐकू येतं आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.)

आई गेल्यापासून माझं जपात लक्ष लागत नाही. माळ हातात घेतली आणि डोळे मिटले की रडू येतं. आधी वाटलं उदबत्तीचा धूर असेल, म्हणून उदबत्ती बदलली. (महागातली आणली, यावरूनच काय ते ओळखा.) महागातल्या उदबत्तीतही रडू तेवढंच येतं. बरं, हे सांगायचं कुणाला? आई आणि मी इतकी वर्षं एका ओट्यापाशी भांडलो, हे खालपासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ऐकून पाठ आहे. जो तो म्हणतो, सुटलीस. भाजीवाली म्हणाली, सुटलात. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हाला जरा विश्रांती मिळेल. तुम्हीसुद्धा निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "सुटलीस गं बाई एकदाची." (राग नाही. त्या वेळी मीही मान हलवली होती.) पण एकदा मान हलवून बसल्यावर मग रडायचं कोणत्या तोंडाने?

लेकीने फोनवर माझा चेहरा पाहिला आणि तिथे बसल्या बसल्या इथल्या एका समुपदेशक बाईंकडे माझं नाव घातलं. मी म्हटलं, मला काय वेड लागलंय? तर म्हणाली, "आई, पैसे भरलेत सगळ्या तासांचे. परत मिळत नाहीत." मग माझा विरोध मावळला.

या बाईंची खोली चष्म्याच्या दुकानावर आहे. दोन खुर्च्या, एक कुंडी, मधल्या टेबलावर कागदी रुमालांचा खोका, आणि घड्याळ बरोबर माझ्या पाठीमागच्या भिंतीवर. म्हणजे तास किती उरला ते त्यांना दिसतं, मला नाही. (हे मला पटलं नाही. वाण्याचा काटा गिऱ्हाइकाला दिसायला हवा. पुढच्या खेपेला मी घरचं गजराचं घड्याळ पिशवीतून नेलं.) बाई वयाने आपल्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या, आवाज सायीसारखा. मी पदर सावरून उपदेश ऐकायच्या तयारीने बसले, तर उपदेश नाहीच! "इथे यावंसं का वाटलं?" म्हणाल्या. रडण्याचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण 'सासूसाठी' हा शब्द घशाशीच बसून राहिला. मी म्हटलं, झोप लागत नाही. त्या म्हणाल्या, "झोप लागत नाही." मी म्हटलं, हो, तेच म्हणाले मी. मग त्या गप्प, मी गप्प. नळ चालू आहे आणि खाली बादली नाही, असं मला झालं. एवढा भरलेला तास वाहून चालला होता! म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या बाईची कर्मकथा सांगायला घेतली, तर त्यांनी हळूच थांबवलं. "आपण इथे फक्त तुमच्याबद्दल बोलू या."

घरी येताना जिन्यात खालच्या मजल्यावरची भेटली. तिला म्हटलं, माझ्याकडे तासभर पुरेल एवढं काही नाही गं. तर कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "मग माझं न्या की काकू! माझ्याकडे रग्गड आहे. 'मी' म्हणून सांगा, कोण बघायला येतंय?" तिचा नवरा पितो आणि भांडी फेकतो. तेवढ्यात वरच्या मास्तरीणबाई उतरल्या. (या शाळेतून निवृत्त झाल्या, शाळा अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.) त्यांच्या सुनेने फ्रिजला कुलूप घातलं आहे. बाजाराला निघालेल्या माणसाकडे सगळ्यांनी पिशव्या द्याव्यात, तशी दोघींनी आपापली दुःखं माझ्याकडे दिली. मास्तरीणबाईंनी तर त्यांचं मला पाठच करायला लावलं, आणि जिथे अडखळले तिथून पुन्हा म्हणून घेतलं.

हे खोटं बोलणं झालं का, याचा मी देवापुढे बसून विचार केला. सगळ्यांच्या ठायी तो एकच आहे, हे तर पोथीत पानोपानी लिहिलेलं आहे. मग 'माझा नवरा पितो' म्हटलं काय आणि 'तिचा नवरा पितो' म्हटलं काय! देव यावर काही बोलला नाही. (तोही समुपदेशक बाईंसारखाच.)

तर पुढच्या खेपेपासून मी तास काठोकाठ भरायला लागले. अर्ध्या तासात खालचं, अर्ध्या तासात वरचं. एक अडचण आली. सून सांगायची तर आधी मुलगा हवा. तो मी तिथल्या तिथे केला, नोकरीला लावला, लग्न करून दिलं. जे इतक्या नवसांनी झालं नाही ते चष्म्याच्या दुकानावर एका दमात झालं. आणि वन्सं, बाईंचं ऐकणं काय वर्णावं! मान अशी कलती, हात मांडीवर, नजर हलायची नाही. मी म्हटलं, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही? तर म्हणाल्या, "मी तुमच्या जागी बसून बघायचा प्रयत्न करते." मी लगेच उठले. म्हटलं, बसा की, इकडे पंख्याचा वारा चांगला येतो. तशा हसल्या आणि म्हणाल्या की खुर्ची नको, तुम्हाला कसं वाटत असेल ते समजून घ्यायचं आहे. कुलपाची किल्ली सून गळ्यात घालून झोपते, हे मी सांगितलं तेव्हा तर त्यांचे डोळे चक्क भरले. खरं सांगते, त्या वेळी मला फार मजेशीर वाईट वाटलं. माझ्याकडे बघून असं कुणाचे डोळे भरल्याला किती काळ लोटला होता, आणि ते भरले तेही मास्तरीणबाईंच्या नावाने. दुसऱ्याची मनिऑर्डर मी सही करून घेतली होती.

घरी आले की दोघी जिन्यात टपलेल्याच. "काय म्हणाल्या?" मी म्हणायची, त्यांनी विचारलंय, त्या वेळी तुम्हाला काय वाटलं? "एवढंच? काही उपाय, काही गोळी?" नाही, एवढंच. मास्तरीणबाईंनी नाक मुरडलं, "हा काय प्रश्न झाला!" आणि मग त्याच पायरीवर बसून, चष्मा काढून, उत्तर द्यायला लागल्या ते दिवेलागणीपर्यंत. खालचीनेही तसंच केलं. दोघींचा चेहरा दिवसेंदिवस उजळत चालला. इकडे माझं जपातलं रडणं जिथल्या तिथेच. माल दुसऱ्यांचा, गुण दुसऱ्यांना, हमाली फक्त माझी.

पण समुपदेशक बाई दिवसेंदिवस गंभीर होत चालल्या. एकदा पुढे वाकून विचारलं, "तुम्ही घरी सुरक्षित असता ना?" मी म्हटलं, हो तर, दाराला दोन कड्या आहेत, वर साखळी. "आणि ते आत असतात तेव्हा?" मी म्हटलं, ते आत आले की मगच साखळी लावतो. बाई पांढऱ्या पडल्या.

आणि मागे एका खेपेला व्हायचं ते झालं. मी चष्मा घरीच विसरले होते. तुमचे बंधू तो द्यायला म्हणून जिना चढून आले. त्यांना तुम्ही ओळखताच; चुकून मांजरीवर बसले तर उठून मांजरीची माफी मागणारे. त्यांनी दार उघडून डोकं आत घातलं आणि म्हणाले, "हिचा नवरा मी." तशा त्या एवढ्याशा बाई ताडकन उठल्या आणि आमच्या दोघांच्या मधे हात पसरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इथे यांच्या अंगाला हात लावायचा नाही." तुमचे बंधू म्हणाले, "हात कशाला, लांबून देतो," आणि चष्मा पुढे केला. बाईंनी विचारलं, "तुम्ही आज घेतली आहे?" ते म्हणाले, "अर्धीच. डॉक्टरांनी अर्धीच सांगितलीय." (रक्तदाबाची गोळी.) बाई कडाडल्या, "आणि तुमच्या मुलाला दिसत नाही आईचे काय हाल चाललेत ते?" तुमच्या बंधूंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडावर एवढी आशा पाहिली नव्हती. म्हणाले, "आपल्याला मुलगा आहे?"

मग काय, मला उभ्या उभ्या सगळं सोडवून ठेवावं लागलं. हा पिणारा खालचा, ती सून वरची, मुलगा कुणाचाच नाही. वाटलं, आता ही बाई मला हाकलणार. जप गेला, तास गेला, आता रडायला जागाच उरली नाही. बाई खुर्चीत बसल्या. हाकललं नाही. इतकंच विचारलं, "मग यातलं तुमचं कुठलं?"

वन्सं, मी गप्प बसले. घड्याळ पिशवीत टिकटिक करत होतं आणि त्या बाई थांबल्या होत्या, आणि मला पहिल्यांदाच तास वाया जातोय असं वाटलं नाही. मग निघालं तोंडातून. म्हटलं, मला आता कुणी ओरडत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुणी काही म्हणत नाही. हे मुकाट्याने जेवतात आणि मागून तांब्याभर पाणी पितात. मी नेसलेल्याला कुणी नावं ठेवत नाही, दूध उतू गेलं तर आतल्या खोलीतून आवाज येत नाही. आणि लोक म्हणतात, सुटलीस. सुटले खरी, पण सुटून जाऊ कुठे?

बाईंनी 'वाईट वाटलं' म्हटलं नाही, की समजूत घातली नाही. डोळेही भरले नाहीत. (फ्रिजच्या कुलपाला भरले होते, याची मी मनात नोंद घेतली.) नुसता तो खोका माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "सांगा ना, त्या कशा ओरडायच्या?" आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी आईंचा आवाज काढून दाखवला. "अगं ए, मिठाची खाण लागली का तुझ्या माहेराला!" तर मागून हुंदका. तुमचे बंधू दाराशी उभे राहून, माझा चष्मा छातीशी धरून, लहान मुलासारखे रडत होते. बाईंनी त्यांना कुंडीशेजारी बसवलं. रुमाल त्यांनी चार घेतले, मी एकही नाही. (मी घरून नेते.)

तेव्हापासून जप होतो. मधे डोळे पाणावतात, पण माळ थांबत नाही. बाईंनी निक्षून सांगितलं आहे की यापुढे फक्त स्वतःचं आणायचं. जिन्यातल्या दोघींना त्यांनी स्वतः बोलावलं आहे. मास्तरीणबाई जाऊन आल्या आणि म्हणाल्या की तुम्ही माझं दुःख नीट सांगितलंच नव्हतं, दोन मुद्दे गाळलेत. तेव्हा एकूण सगळं आता सुरळीत आहे, काळजी नसावी. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. तुमच्या बंधूंनी आता माझ्या उरलेल्या तासांतले अर्धे आपल्याकडे वळते करून घेतले आहेत. घरात दिवसाकाठी 'हं' आणि 'चालेल' एवढंच बोलणारे, तिथे तासभर घडाघडा बोलतात म्हणे. काय बोलतात ते बाई सांगत नाहीत. गुप्त ठेवायचा नियम आहे. मी दाराबाहेर बाकावर बसून पाहिलं, पण दार जाड आहे.

ता. क. आणखी एक, आणि पत्र खरं तर याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. चिडल्यावर तुमचा आवाज हुबेहूब आईंसारखा लागतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? जमल्यास आठ-पंधरा दिवस राहायला या. ओट्यापाशीच खुर्ची टाकून ठेवते. माझ्या हातचं काही म्हणजे काही गोड मानून घेऊ नका. मी उलट बोलेन. मनावर घ्यायचं नाही, तुम्हीही आवाज चढवायचा. भाड्याची व्यवस्था मी करते. येताय की नाही ते उलट टपाली कळवा. नाही म्हणणार असाल, तर निदान चार ओळी चांगलं रागावून लिहा.