वरचे लोक पाहुणे

४ मार्च

जुना राउटर जळाला. नवा बसवला. ऑफिसात दिवसभर हेच, घरी आल्यावरही हेच! बाबा मागे उभे. "वरच्यांचं वेगळं कर." वरचे म्हणजे दादा-वहिनी. 'दुकान बंद करा, आता झेपत नाही तुम्हाला' असं दादा म्हणाला, तेव्हापासून बाबा त्याचं नाव घेत नाहीत.

राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं. इंटरनेट मिळतं, पण घरातली मशिन्स दिसत नाहीत. वरचा मजला त्यात टाकला. चहा निवायच्या आत घराची वाटणी!

५ मार्च

वहिनी जिन्यात भेटली. "आम्ही पाहुणे का गं?" फोनवर तसंच दिसतंय म्हणे. मग म्हणाली, भाड्याचं घर बघितलंय, रविवारी टेम्पो येतोय. दादा असा गेला तर ही दोघं पुन्हा बोलायची नाहीत.

७ मार्च

बाबांचा ऑफिसात फोन. "कॉम्प्युटरवरून सगळं गेलं! प्रिंटर गेला, तुझा लॅपटॉप गेला. त्यानेच केलंय!" त्याने म्हणजे दादाने.

घरी येऊन पाहिलं. कॉम्प्युटर नेटवर्क ओळखतो ते राउटरवरून. नाव-पासवर्ड मी जुनेच ठेवले होते, पण राउटर नवा. बाबांच्या कॉम्प्युटरला वाटलं, आपण परक्या ठिकाणी आलो. म्हणून त्याने विचारलं — इथल्या बाकीच्या मशिन्सना दिसायचंय का? बाबांनी ठणकावून 'नाही' दाबलं. आणि 'नाही' म्हटलं की आपल्यालाही कोणी दिसत नाही.

"मग तसं सांगायचं ना त्या डबड्याने!"

'हो' करून दिलं. प्रिंटर आला. माझा लॅपटॉप आला. "आणि वरचे?" — ते पाहुण्यांत, तुम्हीच सांगितलंत. बाबा चष्मा पुसत बसले.

८ मार्च

वर खोकी भरणं चालू. धाडधाड आवाज. बाबांनी टीव्ही मोठा केला. माझं डोकंच फिरलं — एकदा वर जाऊन बोला ना! "मी? मी का जाऊ?"

संध्याकाळी मात्र — "वरच्यांना घरात घे परत." घेतलं. मग, "माझ्या कॉम्प्युटरचं नाव बदलता येतं? ते वरही दिसेल ना?" दिसेल म्हटलं. कुठे बदलायचं ते दाखवलं. "तू जा आता." हे काय नवीन खूळ!

९ मार्च, रविवार

टेम्पो दारात. दादा लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसलेला. भाडेकरार छापायला प्रिंटर शोधत होता. "हे बघ." घरातल्या कॉम्प्युटरांच्या यादीत, माझ्या लॅपटॉपच्या वर, बाबांचा — इंग्रजी अक्षरांत, 'जाऊ-नको'.

करार छापला नाही. टेम्पो रिकामा गेला. मी जिन्यातच रडले.