एकाच सॉकेटवर बारा बोटी

७ ऑक्टोबर, मंगळवार

हे कसं शक्य आहे? नविनची बोट धाकटी डहाणूच्या खाडीत माझ्या डोळ्यांसमोर उभी. आणि माझ्या नकाशावर तीच बोट चिखल्याच्या समोर, भर समुद्रात!

मच्छीमार सोसायटीच्या बारा बोटींवर ट्रॅकर मीच बसवले, सर्व्हर मीच लिहिला. नकाशा अख्ख्या गावाच्या मोबाइलवर. नविन हसत म्हणाला, "निलम, मी जेवलो पण, आणि तुझ्याकडे अजून पाण्यातच काय?" मला हसू आलं नाही. प्रविणदादा समुद्रात असला की वहिनी दिवसभर हाच नकाशा बघते.

८ ऑक्टोबर

सापडलं. चूक माझीच — आणि किती बावळट!

बोटी बारा, यूडीपी सॉकेट एक, म्हणजे सर्व्हरचं दार एकच. दर पाच मिनिटांनी प्रत्येक ट्रॅकर आपला नंबर आणि जागा लिहिलेलं पाकीट टाकतो नि मोकळा होतो. पोचलं की नाही, विचारतही नाही. सॉकेटवर काही आलं की इव्हेंट लूप, म्हणजे दारावरचा राखणदार, थाप मारून माझ्या कोडला उठवतो. पण बारा पाकिटं एकदम आली तरी थाप एकदाच! आणि मी दार उघडून एकच पाहुणा आत घेत होते. बाकीचे ओट्यावर ताटकळत, पुढची थाप पडेपर्यंत. तुंबत तुंबत नकाशा पावणेदोन तास मागे गेला होता. पावणेदोन तास! तेवढ्यात बोट बुडेल आणि आम्ही ती तरंगताना बघत बसू.

आता सॉकेट रिकामा होईपर्यंत वाचते. मगच पुढच्या थापेची वाट.

९ ऑक्टोबर

नकाशा अगदी बरोबर. हुश्श.

१३ ऑक्टोबर

आता हे काय नवीन! दादाचा ठिपका आणि नविनचा ठिपका सकाळपासून एकमेकांना चिकटून. सगळी पाकिटं एकाच बफरमध्ये, एकाच तात्पुरत्या डब्यात, वाचते मी — एकाची जागा दुसऱ्याच्या नावावर पडतेय की काय?

१४ ऑक्टोबर

कोड ओळन् ओळ वाचला. पाकिटं उघडून पाहिली. दोन वेगळे ट्रॅकर, दोन वेगळे नंबर, जागा तेवढी एक. माझी चूक कुठेच नाही! दादाला विचारलं, "नविनबरोबर जातोस का रे हल्ली?" म्हणाला, "तुझा नकाशा बोलतो ना? मग जात असेन." आणि हसत सुटला. ह्याला कधी सरळ उत्तर देता येत नाही.

१६ ऑक्टोबर, दुपारी

वारा भयंकर सुटलाय. दादाचा फोन लागत नाही. संगीतावहिनी धावत आली — "कुठे आहेत गे ते?" गावातली पोरं बोट काढून शोधायला निघाली होती. मी स्क्रीन दाखवली. "हे बघ, नविनसोबत. खाडीच्या तोंडाशी आलेत दोघं." पोरं थांबली. वहिनी रडता रडता हसली.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी

नविन एकटाच आला. त्याच्या पिशवीत दोन ट्रॅकर.

"प्रविणनेच दिला त्याचा. पापलेटची जागा सापडली त्याला, नकाशावर कोणाला दिसायला नको बोलला. चार दिवस झाले."

सर्व्हर बरोबर आहे. दादा कुठे आहे, कोणालाच माहीत नाही. आणि पोरांना मी थांबवलं.